वर्ण गोरा, अनुभव नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. आमच्या मालवणच्या खोलीत एक मुलगी आली. बी.कॉम. झालेली, टॅली शिकलेली. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात हिशेब ठेवायला कुणी हवं आहे असं कळलं म्हणून अर्ज घेऊन निघाली होती. जाता जाता 'ताई, एकदा नजर घाला' म्हणत तिनं कागद पुढे केला. सगळ्यात वर श्री गणेश प्रसन्न. खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ. उंची पाच फूट दोन इंच. वर्ण गोरा. रास, गण, देवक. मग शिक्षण. त्याखाली वडील काय करतात, भाऊ काय करतो, मामांचं गाव कोणतं. आणि शेवटी, जिथे 'अपेक्षा' असा शब्द असतो, तिथे कुणीतरी तो खोडून 'अनुभव' असं टाईप केलं होतं. पुढे लिहिलं होतं : नाही.

मला आधी हसू आलं. ती ओशाळली आणि म्हणाली, "झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर बायोडेटा म्हणून एवढाच आहे, ताई. सगळ्या मुली हाच नेतात." मी विचारलं, नोकरीचा नमुना त्याच्याकडे नाहीच? "आहे, पण तो मुलांचा आहे."

मुलांचा नमुना मी नंतर मुद्दाम जाऊन पाहिला. त्यात रास नव्हती, वर्ण नव्हता. वाहन चालवण्याचा परवाना, येणाऱ्या भाषा, कामाचा अनुभव, मागच्या मालकाचं नाव, हे रकाने होते. दुकानदार भला माणूस आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. गावाला जे लागतं ते तो छापतो. मुलीचा कागद एकाच कारणासाठी लागतो असं गावानंच ठरवलेलं आहे, आणि दुसऱ्या कारणासाठी लागला तर त्याच कागदावर एक शब्द खोडायचा.

मैत्रिणींनो, बायोडेटा हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काहीजणींना वाटेल. एका शिबिरात मी तो काढला तेव्हा एक जुनी कार्यकर्ती चिडून म्हणाली होती, "हे करिअरवाल्या पोरींचं. आपण संघटनेचं बोलू." मी तेव्हा गप्प बसले. आज बसणार नाही, कारण हा कागद मला फार जवळून ठाऊक आहे.

माझंच सांगते. लग्नाआधी मी टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि एका ऑफिसात दोन वर्षं काम केलं होतं. मग लग्न, मुलं, आणि सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका. सात वर्षं मी घरी होते. या सात वर्षांत सासूबाईंचं सगळं अंथरुणात केलं, त्यांची औषधं, डॉक्टर, मालिश. घरच्या माडांचे नारळ पाडेली बोलावून पाडून घेतले, मोजले, विकले, त्याची वही ठेवली. जमिनीचा एक दावा चालू होता, त्याच्या तारखांना कोर्टात मी जायची, कारण नवरा मुंबईला होता. वकिलाला लागणारे सातबारे तलाठ्याकडून मी काढून आणायची. सात वर्षांनी पुन्हा नोकरीला अर्ज केला तेव्हा या सगळ्याचा मी एक शब्द लिहिला : गृहिणी. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "म्हणजे सात वर्षं काहीच केलं नाही?" आणि मी म्हटलं, "नाही."

नोकरी मिळाली नाही याचं मला आता काही वाटत नाही. त्या 'नाही'चं अजून वाटतं. ते शब्द त्या गृहस्थांच्या तोंडचे नव्हते, माझ्या तोंडचे होते.

आपल्या भागात तर हे 'नाही' फारच विचित्र आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला, पण त्याआधी कित्येक पिढ्या इथले पुरुष गिरणीत होते आणि घरं मनीऑर्डरवर चालत होती असं सगळे सांगतात. मनीऑर्डर आली की पोस्टमनसमोर कोण उभं राहत होतं? पावसाआधी शेताची बेगमी कुणी केली, तरवा कुणी काढला, गडी-पैरी कुणी सांभाळले, सावकाराला कुणी तोंड दिलं? १९८२ चा गिरणी संप झाला, मनीऑर्डरी आटल्या, माणसं गावाला परत आली, तेव्हा चुली कुणी पेटत्या ठेवल्या? इतिहासात संपकऱ्यांची नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. बायकांच्या नावापुढे मात्र शिरगणतीत 'काम करत नाही' अशी नोंद पडत गेली. मुंबईत गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचीही तीच गत. एकेक बाई महिना उधारीवर कामगारांना जेवू घालायची, कुणाची बाकी किती हे तोंडपाठ ठेवायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तोवर हा धंदा आहे असं कुणी म्हणतच नव्हतं. 'घरात चार माणसं जेवतात' एवढंच म्हणायचे.

शिरगणतीचं निघालंच आहे तर सांगते. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नापुढे घरच्या शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमजुरीचं कामही धरा, असे शब्द घातले गेले. त्यामागे स्त्रियांच्या संघटनांचा आणि अभ्यासक बायकांचा रेटा होता. पण घरकाम बाहेरच राहिलं. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं एका मोटार अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात यावर ताशेरे ओढले : घर सांभाळणाऱ्या बायकांना जनगणनेनं भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक गटात बसवलं आहे म्हणून. (त्या गटातल्या बाकीच्यांचं काम हे काम नव्हे का, असं न्यायालयानं विचारलं नाही. तो वेगळा लेख होईल.) आणि २०१९ साली सरकारनंच देशभर वेळेची पाहणी केली तेव्हा काय दिसलं? घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात ते ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास. पाच तास रोज जे केलं जातं ते अर्ध्या पानाच्या कागदावर कुठेच बसत नाही, तर कागद चुकीचा की बाई?

आता दुसरी बाजू. कागदावर जे नको तेच हटकून असतं. लग्न झालं का? पतीचं नाव, पतीचा व्यवसाय, मुलं किती, त्यांची वयं काय? हे सगळं हिशेबाचं काम येतं की नाही हे ठरवायला कशाला लागतं? ज्यांना यात विशेष काही वाटत नाही त्यांनी नीरा माथुर यांचा खटला आठवावा. आयुर्विमा महामंडळात त्या परीक्षा देऊन, मुलाखत देऊन निवडल्या गेल्या. मग त्यांच्यापुढे एक छापील प्रतिज्ञापत्र आलं. पाळी नियमित येते का, त्रास होतो का, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किती वेळा दिवस गेले, किती पूर्ण झाले, गर्भपात झाला का, असे त्यात रकाने होते. पुढे त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांना कामावरून कमी करण्यात आलं. कारण काय, तर त्यांनी पाळीची तारीख खोटी लिहिली. उच्च न्यायालयात त्या हरल्या. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि ते रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितलं. एका बाईनं दिल्लीपर्यंत भांडून एका फॉर्मवरच्या काही ओळी खोडून घेतल्या. ती लढाई लहान होती असं मला कुणी सांगू नये.

आज कुणी पाळीची तारीख लिहून मागत नाही. तोंडी विचारतात. "लग्नाचं कुठपर्यंत आलंय?" "सासर कुठलं करणार?" "आता दुसरं मूल वगैरे?" २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. ही आपल्या मागणीची गोष्ट आणि तिचा मला आनंद आहे. पण त्या रजेचा सगळा पगार मालकाच्या डोक्यावर टाकला गेला, आणि मालक तो खर्च मुलाखतीतच वाचवायला बघतो. १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या पाचव्या कलमानं नुसत्या पगारातच नव्हे, भरती करतानाही बाई म्हणून डावलायला बंदी घातली होती. तो कायदा पुढे २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला, बंदीही तिच्यात आली. आमच्या किनाऱ्यावर 'अविवाहित, स्मार्ट मुली पाहिजेत' अशा पाट्या लागतात तेव्हा त्या कलमाची आठवण कुणाला होते? मुलींनाही होत नाही. त्या मुकाट्यानं 'अविवाहित' लिहितात आणि लग्न ठरलं की नोकरी सोडतात, विचारण्याआधीच.

नावाचा घोळ तर विचारूच नका. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायची पद्धत. आडनाव तर बदलतंच, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलतं. तिकडे दहावीची गुणपत्रिका एका नावाची, रेशनकार्ड दुसऱ्या नावाचं, बँकेचं पासबुक तिसऱ्याच स्पेलिंगचं. नोकरीचा अर्ज करायची वेळ आली की ही तीन बायका आहेत की एक, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात जाहिरात द्या, पैसे भरा, ओरोसला खेपा घाला. अंगठीच्या टोकानं पाच मिनिटांत बदललेलं नाव परत मिळवायला राजपत्र लागतं. आमच्याकडे आलेल्या एका बाईला मी विचारलं, अर्जावर कोणतं नाव घालू? ती बराच वेळ विचार करून म्हणाली, "ह्या नाव माजा नाय, ता घोवान ठेवलेला. पन आता माका ह्याच नावान हाक मारतत." १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनं केला. चांगलंच झालं. पण लग्न झालेल्या बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही जुनी रीत त्या निर्णयातही तशीच राहिली.

तेव्हा आम्ही काय करायचं ठरवलं ते सांगते. बाजाराच्या दिवशी खोली उघडी ठेवायची आणि येईल तिचा कागद लिहून द्यायचा. सुरुवातीला आम्हीही घोळ घातला. बाहेरून एक गृहस्थ 'व्यक्तिमत्त्व विकास' शिकवायला बोलावले. त्यांनी मुलींना सांगितलं, हसतमुख राहा, फिकट रंगाचा ड्रेस घाला, मधली रिकामी वर्षं दिसू देऊ नका, तिथे 'छंद' लिहा. एका बाईनं खरोखर लिहिलं : छंद – भरतकाम. ती नऊ वर्षं काजूच्या कारखान्यात बिया सोलत होती. नोंद नाही, पावती नाही, हातावर रोख मजुरी. बियांच्या चिकानं तिची बोटं काळी पडली होती. त्या बोटांनी 'भरतकाम' लिहिलेला कागद मी अजून जपून ठेवला आहे.

दुसरं टोकही आम्ही पाहिलं. 'आई म्हणजे घराची मॅनेजर', 'गृहिणी हीच खरी अर्थमंत्री', ही गुळमुळीत भाषा. जाहिरातीत शोभते. ती मला 'गृहिणी काहीच करत नाही' या भाषेइतकीच खोटी वाटते. आठ मार्चला गुलाब देऊन नऊ मार्चला चहा टाकायला सांगणाऱ्यांची ती भाषा आहे. अर्जात 'मी घर उत्तम सांभाळते' लिहिलं तर समोरचा हसणारच, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जे काम मागितलंय त्याच्याशी ज्याचा संबंध आहे तेवढंच, नेमकं, मोजून लिहायचं. किती वर्षं, किती माल, किती माणसं, कुणाचे पैसे, कुणाला विचारून खात्री करता येईल. खोटं एक अक्षर नको, कारण आपल्या खोट्याला माफी नसते.

हे आपल्याला जमत नाही असं थोडंच आहे? तहसीलदारांना पाण्याच्या टँकरचं निवेदन लिहिताना आपण कशा लिहितो! वाडी कोणती, घरं किती, विहीर कधी आटली, बायका किती अंतरावरून हंडे आणतात, कोणत्या तारखेला अर्ज दिला होता आणि त्याला उत्तर आलं नाही. साहेब तोंड वर करून बघतो ते त्या नेमकेपणामुळे. दारूबंदीचं निवेदन असो, रेशनचं असो, चळवळीनं आपल्याला ही भाषा दिली. वाडीसाठी ती वापरली, गावासाठी वापरली. आपल्यातल्या एकेका बाईसाठी वापरायची वेळ आली की मात्र आपण म्हणतो, हा व्यक्तिवाद झाला. दहा बायकांचा हंडा मोर्चा राजकीय आणि त्यातल्या एकीचा पोटापाण्याचा अर्ज खाजगी, हे गणित मला मान्य नाही.

ज्या बाईमुळे मला हे सगळं नीट कळलं तिचं आता सांगते. ती मासे विकते. वय पंचेचाळीसच्या पुढे, शाळा सातवीपर्यंत. एका हॉटेलात स्वयंपाकघराची खरेदी आणि साठा बघायला माणूस हवा होता. तिचा मुलगा म्हणाला, आये, तू जा. ती आमच्याकडे आली आणि खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "काय लिवतलास? माका कायच येना नाय."

मी विचारत गेले. होडी किनाऱ्याला लागली की लिलावात उभी राहते का? राहते. किती वर्षं? सासू थकली तेव्हापासून, म्हणजे बावीस. पैसे रोख की उधार? दोन्ही. उधारी कुठे लिहिते? लिहीत नाही, डोक्यात. मासा ताजा आहे की कालचा हे कसं ओळखते? या प्रश्नावर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मीच ओशाळले. गिल उघडून बघायचा, डोळा बघायचा, बोटानं दाबून बघायचा, हे तिला सांगावंसंही वाटलं नाही. "पेटीत बांगडे किती ता मी नुसता बघान सांगतंय," ती म्हणाली. बर्फ किती घालायचा, सुरमई किती तास टिकते, पेडवे दुपारपर्यंत का विकून टाकायचे, उरलं तर मीठ लावून किती दिवस वाळवायचं, पावसाळ्यात होड्या बंद असताना सुक्या मासळीचा भाव कसा धरायचा, पर्यटकांच्या सुट्ट्यांत भाव कुठे जातो. तासभर ती बोलत होती. मी लिहीत होते. शेवटी तिनं विचारलं, "पन ह्या काय काम झाला?"

गंमत अशी की त्या हॉटेलात आधी जो खरेदीवाला होता तो हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला तरुण होता आणि मासे तिच्याकडूनच घ्यायचा. 'काकी, ह्यातला ताजा कुठला?' असं विचारून घ्यायचा. त्याच्या कागदावर 'सागरी खाद्य खरेदीचा तीन वर्षांचा अनुभव' असं असणार.

आम्ही अर्धं पान केलं. वर गुणपत्रिकेवरचं नाव, फोन. नवऱ्याचं नाव नाही, मुलं किती ते नाही. खाली : 'बावीस वर्षं मालवणच्या किनाऱ्यावर लिलावात मासळीची खरेदी. ताजेपणा व प्रत पाहून निवड. बर्फातली साठवण, खारवण, सुकवण. रोजचा रोख व उधारीचा व्यवहार. तीन खानावळींना नियमित पुरवठा.' शेवटी त्या तीन खानावळवाल्यांचे फोन, त्यांना विचारून. मी तिला ते वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, 'तीन नाय, चार. एक बंद झाली, पन देय होतंय.' आम्ही चार केले आणि एक बंद झाल्याचंही लिहिलं.

तिला मुलाखतीला बोलावलं. पहिला प्रश्न : "मिस्टर काय करतात? रात्री उशीर झाला तर त्यांना चालेल का?" ती म्हणाली, "होडी फाटफटीक लागता. तेवा कोन इचारूक येना नाय." हे तिनं आम्हाला येऊन सांगितलं तेव्हा खोलीतल्या सगळ्या हसल्या. ती हसली नाही. महिन्यानं निरोप आला की ती जागा भरली, पण स्वयंपाकघरात भांडी-साफसफाईला घेऊ. तिनं नको सांगितलं.

म्हणजे कागदानं नोकरी मिळाली नाही. हे मी लपवणार नाही, आणि ज्यांना वशिल्याबद्दल बोलायचं आहे त्यांचं म्हणणंही खोडणार नाही. १९९७ साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वेनं माणसं येऊ लागली, तारकर्ली-देवबागला घराघरात खोल्या निघाल्या. पाहुण्यांचं जेवण, चादरी, संडास-बाथरूम घरातल्या बाईकडे आणि पाटीवर नाव घरधन्याचं. बाहेरच्या नोकऱ्या कुणाच्या तरी शब्दावर जातात. अर्धं पान कागद या सगळ्याला पुरा पडत नाही. तरीही एक फरक पडला. एरवी त्यांनी तिला 'अनुभव नाही' म्हणून परत पाठवलं असतं आणि तीही 'खरंच नाय' म्हणत आली असती. या खेपेस त्यांना बावीस वर्षं वाचून मग भांडी घासायला बोलवावं लागलं. अपमान कुणी कुणाचा केला ते कागदावर राहिलं. आणि तिनं त्या कागदाच्या पाच प्रती काढून घेतल्या. त्यातली एक बँकेत दिली, धंद्यासाठी शीतपेटी घ्यायला कर्ज मागताना. तिथल्या साहेबानं 'व्यवसायाची माहिती' म्हणून ती फाईलला लावली. कर्जाचं अजून चालू आहे.

काम दिसायला लागतं तेव्हा काय होतं हे बघायचं तर आपल्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याला जावं. मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. स्वतः वल्हवतात, झाडं ओळखून त्यांची माहिती सांगतात. खाडी, चिखल, भरती-ओहोटी यांची ओळख काठावरच्या बायकांना आधीपासून होतीच. तिला वल्ही आणि प्रशिक्षण यांची जोड मिळाली, आणि लोक तिकीट काढून ऐकायला लागले.

मुलींना अर्ज लिहायला बसवताना मी हल्ली एका जुन्या अर्जाची गोष्ट सांगते. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत पोचल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी त्यात सरळ कबूल केलं. आणि मग आप्तांचा आणि जातीचा विरोध सोसून ज्या निश्चयानं मी इथवर आले तो निश्चयच माझ्या बाजूनं धरा, असं लिहिलं. इथे बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे, हेही लिहिलं. प्रवेश मिळाला, १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. ज्या गोष्टी बाकीच्या लपवायला सांगतात त्याच त्यांनी पात्रता म्हणून मांडल्या. पत्रात वर्ण नव्हता, रास नव्हती. आमच्या बी.कॉम.वाल्या मुलीनं हे ऐकलं आणि 'अनुभव – नाही' खोडून लिहिलं : 'वडिलांच्या किराणा दुकानाचे रोजचे हिशेब, सहा वर्षं.' दुकान वडिलांचं म्हणून तिनं ते कधी मोजलंच नव्हतं. ती सध्या त्या हॉटेलात आहे. पगार ठरल्यापेक्षा कमी देतात, त्याचं भांडण आता चालू आहे.

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक कबुलीही द्यायला हवी. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी आमच्याच संघटनेचा फॉर्म कपाटातून काढला. कार्यकर्ती म्हणून मानधनावर येणाऱ्या मुलीनं भरायचा. आम्हीच केलेला, कितीतरी वर्षं तोच चालत आलेला. दुसरा रकाना : वडिलांचे / पतीचे नाव. पाचवा : विवाहित / अविवाहित / विधवा / परित्यक्ता. नवव्या रकान्यात 'घरच्यांची परवानगी आहे का?' आणि खाली सहीसाठी जागा, घरच्यांच्या. आजवर आमच्यापैकी कुणालाच ते खटकलं नाही. मलाही नाही, आणि त्यातले काही फॉर्म मीच टाईप केलेत.

तो फॉर्म आम्ही गेल्या बैठकीत रद्द केला. नव्याचा मसुदा चालू आहे, 'परवानगी'च्या रकान्यावर अजून वाद आहे, कारण काहीजणी म्हणतात की घरच्यांना न विचारता रात्रीच्या बैठकीला मुलगी आली तर उद्या आपल्याच दारात भांडण येईल. तेही खोटं नाही.

तुमच्या तालुक्यात, तुमच्या गटात, शाळेत, पतपेढीत, कारखान्यात, हॉटेलात बायकांना भरायला जे छापील अर्ज देतात त्यांचे नमुने आम्हाला हवे आहेत. पुढल्या अंकात त्यातले रकाने शेजारी शेजारी छापायचा विचार आहे. मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. कोरे पाठवा, कुणाची नावं-माहिती भरलेले नकोत. आणि आपल्या स्वतःच्या संघटनेचा फॉर्म आधी.